तुळजापूरच्या वाटेवरील ओवी: लघु निसर्गकवितेचा एक प्रश्न

मराठीतील लघु निसर्गकवितेचा विचार निघाला म्हणजे समीक्षकांची दृष्टी बहुधा बालकवींच्या निर्झराकडे तरी वळते, नाही तर शिरीष पै यांनी रुजविलेल्या हायकूकडे. जात्यावरच्या ओवीचे नाव या संदर्भात क्वचितच घेतले जाते. ओवी हा स्त्रीजीवनाचा पुरावा, कविता नव्हे, असा एक समज त्यामागे आहे. धाराशिव जिल्ह्यातील यात्रेच्या वाटा डोळ्यांसमोर ठेवल्या असता हा समज तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

बालाघाटाच्या रांगांवरील हा प्रदेश अवर्षणाचा होय. तेरणा आणि बोरी या येथल्या नद्या. त्यांचे पाणी पावसाच्या कृपेवर अवलंबून. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरीचे पाणी बांध घालून अडविले आणि त्या बांधाच्याच पोटात दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळात, 1613 मध्ये, पाणीमहाल उभारला गेला. तुळजापुरात भाविक पायऱ्या उतरतो आणि कल्लोळ व गोमुख या तीर्थांवर स्नान करून भवानीसमोर जातो. अशा मुलुखात डोंगर म्हणजे चढ आणि पाणी म्हणजे विसावा. येथील जलसौंदर्य दुर्मिळतेपासून वेगळे काढता येत नाही.

बाशोने 1689 मध्ये जपानच्या उत्तर भागात केलेला प्रवास हायकूच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. तेथे कवी वाटेवर असतो आणि क्षण पाहताच स्वतः मागे सरतो. ओवी गाणारी स्त्री मात्र वाटेवर नसते. ती जात्यापाशी असते. प्रवास कधीच सरलेला असतो. पावलांनी जे लक्षात ठेवले तेवढेच ओवीत उतरते, आणि तेही भावाला, मायबहिणीला किंवा देवीला उद्देशून. हायकूचा संक्षेप दर्शनाचा, तर ओवीचा संक्षेप स्मरणाचा आहे. नात्याचा उल्लेख आला म्हणून निसर्ग दुय्यम ठरतो, हे अनुमान म्हणूनच टिकत नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. गावाचे नाव बदलून तीच ओवी तुळजापूरलाही लागू पडते व पंढरपूरलाही. मग तिच्यात निरीक्षण कोठले? पुष्कळ ओव्यांपुरता हा आक्षेप मान्य करावयास हवा. परंतु त्यातूनच एक कसोटी हाती येते. केवळ नाव बदलत असेल तर तो साचा समजावा. नावाबरोबर तपशीलही बदलत असेल, चंद्रभागेच्या वाळवंटाच्या जागी घाटाचा चढ आणि उतरत्या पायऱ्या येत असतील, तर तेथे पाहणारा डोळा आहे असे मानण्यास हरकत नाही.

ही कसोटी लावणे आज अवघड जाते, याचे एक कारण संग्रहांच्या मांडणीत आहे. साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’पासून ओव्या मुख्यतः नात्यांच्या व विषयांच्या क्रमाने लावण्याची प्रथा पडली. त्यामुळे एका घाटाच्या, एका नदीच्या ओव्या निरनिराळ्या प्रकरणांत विखुरल्या जातात. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांच्या प्रयत्नाने एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झालेल्या आहेत. सामग्रीची उणीव आहे असे म्हणता येणार नाही. उणीव आहे ती स्थलसूचीची. गिरण्या आल्या, जाती थांबली, गाणाऱ्या स्त्रिया वृद्ध झाल्या. कोणती ओवी कोणत्या वाटेवरची, हे सांगू शकणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत. ती सूची आधी व्हावी. ओवीचे निसर्गकवितेतील स्थान त्यानंतरच निश्चित करता येईल.