उपकरण अचानक निघून गेल्यावर : 'लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स' या ग्रंथाची चिकित्सा

उचगावसारख्या गावातून बेळगावला शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्याचा सगळा प्रकल्प पुष्कळदा एकाच पेनड्राइव्हवर असतो. लिहिण्याचे काम चालू असताना तो ढिल्या पोर्टमधून निसटला, तर फाईल जातेच; पण ड्रायव्हर कच्चा असेल तर यंत्रही अडकते. वापरणाऱ्याने यंत्राकडे सोपवलेली माहिती ही एक अमानत आहे. ती सांभाळण्याचे शिक्षण पाठ्यग्रंथ कितपत देतात, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

या विषयावरील मान्यवर ग्रंथ म्हणजे जोनाथन कॉर्बेट, अलेस्सांद्रो रुबिनी व ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचा 'लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स'. त्याची तिसरी आवृत्ती २००५ साली निघाली. ती कर्नल २.६.१० वर आधारलेली असून तिच्यात १८ प्रकरणे आहेत. ग्रंथ मोफत वाचता येतो, ही अल्प साधनांच्या महाविद्यालयांसाठी मोठीच सोय आहे.

ग्रंथाचे मुख्य उदाहरण 'स्कल' हे आहे. ते प्रत्यक्ष उपकरण नसून मेमरीचा एक तुकडा आहे. त्यामुळे वेगळे हार्डवेअर न घेता कोणत्याही यंत्रावर प्रयोग करता येतो. परंतु याच गुणात उणीव दडली आहे. मेमरीचा तुकडा कोणी उपटून नेत नाही. त्यामुळे 'उपकरण नेहमी जागेवर असते' हा समज विद्यार्थ्याच्या मनात आरंभीच्या प्रकरणांत नकळत पक्का होतो.

तेराव्या, यूएसबीच्या प्रकरणात हा समज प्रथम हलतो. तेथील नमुना ड्रायव्हर संदर्भ-गणना वापरतो : उपकरण गेले तरी ज्याने फाईल उघडली आहे तो ती बंद करीपर्यंत ड्रायव्हरची रचना मेमरीत राहते. हा धडा उत्तम आहे. मात्र त्यातील कुलूप केवळ 'उघडणे' आणि 'निघून जाणे' यांची टक्कर टाळते. चालू असलेल्या लेखनाची उपकरण जाण्याशी होणारी टक्कर तशीच राहते. कर्नलमधील याच नमुन्यात पुढे त्यासाठी स्वतंत्र कुलूप व तपासणी घालावी लागली. ग्रंथात वापरलेले मोठे कर्नल-कुलूप तर २०११ साली कर्नलमधून काढून टाकण्यात आले.

चौदाव्या प्रकरणात खरा मुद्दा येतो. पीसीआय उपकरण निघाल्यावर ड्रायव्हरला सूचना मिळेपर्यंत काही काळ जातो आणि तोवर प्रत्येक वाचनाचे उत्तर सर्व बिट १ असेच येते. ते ओळखावे, असे लेखक बजावतात. यूएसबीत प्रलंबित मागण्या 'असे उपकरण नाही' या त्रुटीने परततात, हेही ते सांगतात. मजकूर अचूक आहे, पण थोडका व उशिरा आलेला. विंडोज २००० मध्ये अचानक काढण्यासाठी वेगळा संदेशच ठेवला गेला, यावरून प्रश्नाचे वजन कळते.

अध्यापकांना ही उणीव वर्गात भरून काढता येईल. 'स्कल'मध्ये 'उपकरण गेले' असा एक ध्वज ठेवावा. वाचन-लेखनापूर्वी तो त्याच्याच कुलपाखाली तपासावा, झोपलेल्या वाचकाला जागे करून त्रुटी परत करावी आणि शेवटची फाईल बंद झाल्यावरच मेमरी सोडावी. ग्रंथाची थोरवी याने कमी होत नाही. त्याने अर्ध्यावर सोडलेला धडा मात्र पूर्ण होतो.