महामारी, सामाजिक आधार आणि किशोरवयीनांचे मानसिक आरोग्य : संशोधनदृष्टीची एक समीक्षा

प्रस्तावना :
कोविड-१९ च्या काळातील किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्यावर विपुल संशोधन झाले आहे. निकोल रासीन व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये २९ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यानुसार जगभरातील बालक व किशोरवयीनांत नैराश्याची लक्षणे २५.२ टक्के, तर चिंतेची २०.५ टक्के आढळली. ही लक्षणे आहेत, निदान नव्हे, हे ध्यानात घेऊनही प्रश्नाचे गांभीर्य उरतेच. ज्याला सामाजिक आधार अधिक, त्याला त्रास कमी, हा या क्षेत्रातील परिचित निष्कर्ष होय. तो चुकीचा नाही. परंतु अपुरा आहे. आधार किती, हे मोजले गेले. तो कोणाचा आणि मुलाला तो घेता येत होता काय, हे प्रश्न मागे पडले. प्रस्तुत लेखात या उणिवेचा विचार केला आहे.

संकल्पना आणि मापन :
कोहेन व विल्स यांनी १९८५ मध्येच सामाजिक आधाराचे दोन परिणाम वेगळे केले होते. माणसांत मिसळून असणे एरवीही हितकारक असते. मात्र ताणाची झळ कमी व्हायची तर त्या ताणातून उद्भवलेल्या गरजेशी जुळणारा आधार उपलब्ध असल्याची जाणीव लागते. झिमेट व सहकाऱ्यांच्या १९८८ मधील सुपरिचित मापिकेत १२ विधाने आहेत. कुटुंब, मित्र आणि विशेष जवळची व्यक्ती यांना त्यांपैकी प्रत्येकी चार विधाने दिली आहेत. तिन्हींचे प्राप्तांक स्वतंत्रपणे काढता येतात, तसेच एकत्रही. महामारीत केवळ एकत्रित प्राप्तांकावर विसंबणे दिशाभूल करणारे ठरते. मार्च २०२० नंतर घरच्यांचा सहवास वाढला आणि मित्रांचा तुटला. एका बाजूची वाढ दुसऱ्या बाजूची घट झाकते आणि बेरीज होती तेवढीच राहू शकते. पंधरा वर्षांच्या मुलीला मैत्रिणीजवळ जे बोलायचे असते, ते दोन खोल्यांच्या घरात सर्वांच्या देखत बोलता येत नाही. तिथे माणसांची उणीव नसते, एकांताची असते.

उपलब्धता आणि वापर :
'असर' २०२१ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. परंतु त्यांतील २६.१ टक्के मुलांना तो वापरायलाच मिळत नव्हता. पाहणी शिक्षणाविषयीची असली तरी घरात असणे आणि हाती असणे यांतील अंतर ती दाखवते. मैत्री फोनवरच तगून होती, त्या काळात हे अंतर लहान नव्हे. ऑनलाइन प्रश्नावलीही अशा मुलांपर्यंत सहजी पोहोचत नाही. म्हणजे ज्यांचा आधार सर्वाधिक तुटला, तेच नमुन्यातून गळण्याचा संभव अधिक. युनिसेफच्या २०२१ च्या अहवालात मानसिक त्रासासाठी आधार घेणे चांगले, असे भारतातील १५ ते २४ वयोगटातील केवळ ४१ टक्के तरुणांनी म्हटले. २१ देशांची सरासरी ८३ टक्के होती. आधार उपलब्ध असला, तरी तो मागण्याचा संकोच आड येतो, असाच याचा अर्थ लावावा लागेल.

निष्कर्ष :
तेव्हाचे नववी-दहावीचे विद्यार्थी पुढे आपल्याच वर्गांत येऊन बसले. आपणही मार्गदर्शक-विद्यार्थी गुणोत्तर अहवालात नोंदवतो आणि आधार दिल्याचे समाधान मानतो. संशोधनातील दोष इथे व्यवहारात उतरतो. पुढील अभ्यासांनी तिन्ही स्रोतांचे प्राप्तांक स्वतंत्र मांडावेत, एकांताची व संवादसाधनांची स्थिती नोंदवावी; आणि महाविद्यालयांनी मार्गदर्शकांची संख्या मोजण्याबरोबरच अडचणीच्या वेळी विद्यार्थी कोणाकडे जातो, हेही विचारावे. त्या उत्तरात आपले नाव नसेल, तर गुणोत्तर कितीही चांगले असले तरी आधार पोहोचलेला नाही.