वज्द यांची ‘अजंता’ : कारागिरांची नज्म

सिकंदर अली ‘वज्द’ (१९१४–१९८३) यांचे नाव औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, उर्दू शाळांत अदबीने घेतले जाते. मराठी शाळेत शिकणाऱ्या आपल्याच मुलांना ते सहसा ठाऊक नसते. जन्म वैजापूरचा, शिक्षण उस्मानिया विद्यापीठात, नोकरी न्यायखात्यात, निवृत्ती सत्र न्यायाधीश म्हणून. १९७० साली पद्मश्री, १९७२ ते १९७८ राज्यसभा. एवढे आम्ही मुलांकडून घोकून घेतो आणि शायर बाजूलाच राहतो.

त्यांची ‘अजंता’ ही नज्म आम्हांला फार मोलाची वाटते. लेणी पाहून लिहिणारे बहुतेक लोक सौंदर्याने दिपतात किंवा गतवैभवासाठी उसासे टाकतात. वज्द यांची नजर जाते ती कारागिरांवर. वर्षानुवर्षे डोंगराच्या पोटात छिन्नी चालवणारे, माती, भुसा आणि चुन्याच्या लेपावर रंग भरणारे हे लोक. त्यांच्या श्रमासाठी शायर ‘खून-ए-जिगर’ची कल्पना वापरतो. इकबालांनी १९३३ मध्ये कुर्तुब्याची मशीद पाहून जी नज्म लिहिली, तिथे ही कल्पना शिखराला पोचली होती. वज्द ती बौद्ध विहारात आणतात, तीही कुठलाही खुलासा न देता. दिवसा फिर्यादी ऐकणाऱ्या या न्यायाधीशाला कलेच्या दरबारात धर्माची साक्ष काढावीशी वाटली नाही.

त्यात नवल तरी काय? १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करणाऱ्यांत नंदलाल बोस होते, तसेच हैदराबाद संस्थानचे सय्यद अहमद आणि फजलुद्दीनही होते. गुलाम यझदानींच्या अजिंठ्यावरील ग्रंथाचा पहिला भाग १९३० साली निघाला. हा वारसा सांगायला आपणच संकोचतो.

एक तक्रार मात्र केलीच पाहिजे. नज्म कारागिरांची, पण भाषा दरबारी. इजाफतींची अशी रांग लागते की नववीतले उर्दू माध्यमाचे मूलही अडखळते. याच शहरातल्या सिराज औरंगाबादींच्या उर्दूला दखनीचा शेजार होता, आणि दखनी म्हणजे मराठीकडून ‘नको’ उचलून घरचा करणारी बोली. वज्द यांनी त्या बोलीला नज्मेच्या दाराबाहेर ठेवले. नाद मिळाला, पण ज्यांचे गुणगान केले त्यांच्या वारसांना अर्थ परका झाला.

म्हणून या नज्मेचा मराठी अनुवाद व्हावा आणि तो आपल्यापैकीच कुणी करावा. पहिली अडचण ‘खून-ए-जिगर’चीच येईल. ‘रक्ताचे पाणी करणे’ म्हटले तर कष्ट येतात, इश्क येत नाही. ‘जीव ओतणे’ म्हटले तर इश्क येतो, पण रक्त दिसत नाही. तूर्त आम्ही वर्गात दोन्ही शब्दप्रयोग फळ्यावर लिहितो आणि मुलांनाच तिसरा शोधायला सांगतो.