एकपृष्ठी वेब ॲप्लिकेशनमधील मार्गक्रमण : दुरुस्त्यांची चिकित्सा

बीजसंज्ञा : एकपृष्ठी ॲप्लिकेशन, ब्राउझरचा इतिहास, पत्ता, बॅक बटण, वाचक

प्रस्तावना :

‘बॅक किंवा रिफ्रेश बटण दाबू नये’ ही सूचना पडद्यावर कधीच वाचली नाही असा प्राध्यापक आज विरळाच. शुल्क भरताना ती रास्तही असते, कारण एकच रक्कम दोनदा वळती होण्याचा धोका तेथे असतो. परंतु केवळ वाचनासाठी असलेल्या पानांवरही बॅक बटण दाबताच वाचक संकेतस्थळाबाहेर फेकला जावा, रिफ्रेश करताच ‘पान सापडले नाही’ असे उत्तर यावे, हा प्रकार निराळा आहे. त्याचे मूळ बहुतांशी एकपृष्ठी ॲप्लिकेशनच्या रचनेत सापडते. या दोषावर गेल्या दोन दशकांत जे उपाय योजले गेले, त्यांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पारंपरिक संकेतस्थळात दुव्यावर टिचकी मारली की सर्व्हरकडून नवे पान येते. पत्ता बदलणे, इतिहासात नोंद करणे, मागे गेल्यावर पूर्वीच्याच ओळीवर आणून सोडणे ही सारी कामे ब्राउझर स्वतः करतो. एकपृष्ठी रचनेत पान एकदाच येते; पुढे जावास्क्रिप्ट त्याच पानातील मजकूर बदलत राहते. जेसी जेम्स गॅरेट यांनी २००५ साली ‘एजॅक्स’ ही संज्ञा रूढ केली, त्यानंतर ही पद्धत झपाट्याने पसरली. वेग वाढला, पडद्याची लुकलुक थांबली. मात्र वाचकाच्या दृष्टीने दहा पाने पालटली तरी ब्राउझरच्या लेखी तो पहिल्याच पानावर उभा राहिला.

हॅश चिन्हाचा उपाय :

पहिला उपाय चतुराईचा होता. पत्त्यातील हॅश चिन्हापुढचा भाग बदलला तर पान पुन्हा मागवले जात नाही, तरीही इतिहासात नोंद होते. गुगलने २००९ मध्ये हॅशपुढे उद्गारचिन्ह जोडण्याची पद्धत शोधयंत्रासाठी सुचवली. ट्विटरने (आजचे ‘एक्स’) २०१० च्या नव्या मांडणीत ती स्वीकारली. फेब्रुवारी २०११ मध्ये गॉकर या अमेरिकन प्रकाशनसमूहाने आपली संकेतस्थळे त्याच पद्धतीवर नेली आणि थोड्याच काळात जावास्क्रिप्टमधील एका बिघाडामुळे ती सर्व एकदम कोरी पडली. मजकूर सर्व्हरवर शाबूत होता, पण त्याच्याकडे नेणारी वाटच स्क्रिप्टच्या स्वाधीन केलेली होती.

या उपायातील खरा दोष याहून खोल आहे. हॅश चिन्हापुढचा भाग ब्राउझर सर्व्हरला कधीच पाठवत नाही. त्यामुळे असा पत्ता एकदा लोकांच्या हाती गेला की त्याला उत्तर देणारी स्क्रिप्ट मुखपृष्ठावर कायमची सांभाळावी लागते. पुढे रचना बदलली, नवे सर्व्हर आले, तरी जुना पत्ता सर्व्हरला दिसतच नाही. मग तो नव्या जागी वळवणार कोण? टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ साली पत्ते न बदलण्याचा आग्रह धरला होता, त्याचे महत्त्व येथे कळते. संदर्भ देऊन लिहिणाऱ्या अभ्यासकाला तर ते अधिकच कळावे. ट्विटरने २०१२ मध्ये ही पद्धत सोडली, पाने तयार करण्याचे काम पुन्हा सर्व्हरकडे दिले, आणि पान प्रथम उघडण्याचा वेळ पूर्वीच्या एक-पंचमांशावर आल्याचे जाहीर केले. गुगलनेही २०१५ मध्ये आपली शिफारस मागे घेतली.

पुशस्टेट आणि त्याची जबाबदारी :

एचटीएमएल ५ मधील हिस्टरी एपीआयने स्वच्छ पत्ते शक्य केले. ‘पुशस्टेट’ने इतिहासात नवी नोंद होते, ‘रिप्लेसस्टेट’ने चालू नोंद बदलते, आणि वाचक मागे-पुढे गेला की ‘पॉपस्टेट’ ही घटना कळते. बहुतेक पाठ्यपुस्तकी विवेचन येथेच थांबते. प्रत्यक्षात अडचणी येथून सुरू होतात.

पुशस्टेटने पत्ता दिसू लागतो, पण तो पत्ता खरा असेलच असे नाही. वाचकाने रिफ्रेश केले की तोच पत्ता सर्व्हरकडे जातो आणि सर्व्हरला त्याची माहिती नसते. त्यावर सर्रास केली जाणारी दुरुस्ती म्हणजे कोणत्याही पत्त्याला मूळ पानच पाठवणे. त्यामुळे अस्तित्वात नसलेल्या पत्त्यालाही ‘सर्व ठीक’ असा २०० हा संकेतांक मिळतो. चूक दिसेनाशी होते, दूर होत नाही. दुसरी चूक विवेकाची आहे. शोधचौकटीत टंकलेल्या प्रत्येक अक्षरागणिक नवी नोंद केली, तर एक शब्द ओलांडून मागे येण्यास वाचकाला दहा वेळा बटण दाबावे लागते. तेथे रिप्लेसस्टेट हवे. वाचक कोणत्या क्षणाला ‘नवे पान’ समजतो, हे ग्रंथालयातील कोणतीही संहिता सांगू शकत नाही. ते रचनाकारानेच ठरवायचे असते.

तिसरी उणीव दृष्टिहीन वाचकाच्या वाट्याला येते, आणि तिची चर्चा सर्वांत कमी होते. नवे पान आले की एनव्हीडीएसारखा पडदावाचक त्याचे शीर्षक उच्चारतो. एकपृष्ठी रचनेत मजकूर बदलला तरी तो गप्प राहतो. केंद्रबिंदू जुन्याच दुव्यावर, किंवा तो दुवा नाहीसा झाला असल्यास कोठेच नाही, अशी स्थिती होते. शीर्षक बदलणे आणि केंद्रबिंदू नव्या मथळ्यावर नेणे, एवढ्या चार-सहा ओळींच्या कामाने ती सुधारते. या ओळी न लिहिण्याला तांत्रिक अडचण म्हणता येत नाही. खऱ्या दुव्याऐवजी टिचकीला प्रतिसाद देणारी नुसती चौकट वापरणे हीही याच जातीची हेळसांड होय. तिच्यामुळे पान नव्या टॅबमध्ये उघडण्याची सोयही जाते.

नव्या एपीआयचे मोल :

क्रोम ब्राउझरच्या १०२ व्या आवृत्तीत २०२२ साली नेव्हिगेशन एपीआय आला. इतर ब्राउझरांनी तो स्वीकारण्यास वर्षे घेतली. पॉपस्टेट ही घटना वाचक हलल्यानंतर कळते. नव्या पद्धतीत दुवा, अर्ज, बॅक बटण यांपैकी कशानेही होणारे मार्गक्रमण घडण्यापूर्वी एकाच ठिकाणी हाती येते. ते स्क्रिप्टने स्वीकारले, तरी केंद्रबिंदू हलवणे आणि पान योग्य जागी सरकवणे ही कामे ब्राउझर पुन्हा स्वतःकडे घेतो. ज्या जबाबदाऱ्या २००५ नंतर प्रत्येक रचनाकाराच्या माथी आल्या, त्यांतील काही अशा रीतीने मूळ धन्याकडे परत जात आहेत.

तथापि, या सोयीने एक प्रश्न झाकला जाण्याचा संभव आहे. नकाशा किंवा पत्रव्यवहाराचे साधन यांना एकपृष्ठी रचना शोभते, कारण तेथे वाचक एकाच पृष्ठभागावर सलग काम करत असतो. नियतकालिकाचे अंक, महाविद्यालयाची सूचनापत्रे, ग्रंथालयाची सूची यांना प्रत्येकी स्वतंत्र पत्ता आणि साधे पान पुरेसे असते. अशा ठिकाणी मार्गक्रमणाच्या दोषावर संहिता लिहीत बसण्यापूर्वी, ती रचना तेथे का आणली गेली, याचे उत्तर ती निवडणाऱ्याकडून मागितले गेले पाहिजे.