प्लॅटिनम-पॅलेडियम प्रिंट कसे पाहावे

या प्रिंटची स्तुती बहुतेक वेळा टिकाऊपणावरून सुरू होते. प्लॅटिनम गंजत नाही, म्हणून चित्र टिकते. खरे आहे, पण हा गुण धातूचा झाला. समीक्षकाने विचारायचे ते वेगळे : या छायाचित्राला हीच पद्धत का हवी होती?

आधी कृती पाहा. फेरिक ऑक्झलेट आणि प्लॅटिनम-पॅलेडियमचे क्षार मिसळून ते द्रावण ब्रशने सुती कागदावर लावतात. प्रिंटच्याच आकाराची निगेटिव्ह त्यावर ठेवून अतिनील प्रकाश देतात. जिलेटिनचा थर इथे नसतो. धातू थेट कागदाच्या तंतूंत बसतो. त्यामुळे काळा रंग सिल्व्हर जिलेटिनइतका गडद होत नाही, चकाकी तर नाहीच. उलट उजळ भागांतल्या बारीक छटा मात्र एकमेकींपासून सुट्या राहतात.

हवाही यात भाग घेते. गिंडीत, चेन्नईच्या दमट हवेत, काम करणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे. प्रकाशातच चित्र उमटवण्याच्या पद्धतीत कागद कोरडा असेल तर पॅलेडियम तपकिरीकडे झुकते, ओलावा वाढला की करड्या-काळ्याकडे. छटा आवडीने निवडली की पावसाळ्याने, हे प्रिंट पाहताना जरूर विचारा.

आता एक जुने उदाहरण घेऊ. मुंबईचे पारशी छायाचित्रकार शापूर भेदवार यांनी १८९० च्या सुमारास प्लॅटिनम प्रिंट केले. विल्यम विलिस यांनी या पद्धतीचे पेटंट इंग्लंडमध्ये १८७३ मध्ये घेतले होते, म्हणजे माध्यम तेव्हा तसे नवेच. पारशी धर्मगुरूंच्या दीक्षेवरच्या त्यांच्या 'नावर' मालिकेचा विषयच पांढरी वस्त्रे. पांढऱ्यावर पांढरे दाखवायला याहून योग्य माध्यम शोधून सापडले नसते. 'फीस्ट ऑफ रोझेस' मालिकेबद्दल मात्र मी इतका उदार नाही. तिथे प्रसंग नाटकासारखा मांडलेला आहे, आणि मॅट पृष्ठभाग त्या मांडणीला चित्रकलेचा मान मिळवून देतो. माध्यम तिथे विषयाला उजळत नाही, झाकते.

पहिल्या महायुद्धात प्लॅटिनम महागले, मग पॅलेडियम पुढे आले आणि हळूहळू तयार कागदही बाजारातून गेला. आज हे सारे हाताने करावे लागते, आणि महागडी मेहनत पाहून कौतुक करण्याचा मोह होतो.

टिकाऊपणाच्या दाव्यालाही एक कंगोरा आहे. प्लॅटिनम स्वतः बदलत नसले तरी शेजारच्या कागदाचा ऱ्हास घडवते. जुना अल्बम उघडला की समोरच्या कोऱ्या पानावर त्याच चित्राची फिकट तपकिरी, उलटी सावली उमटलेली दिसते.