जीनियस लव्ह्ज कंपनी
अमेरिकन गायक व पियानोवादक रे चार्ल्स (२३ सप्टेंबर १९३०–१० जून २००४) याचा युगुलगीतांचा ध्वनिमुद्रित संग्रह. त्याच्या निधनानंतर ऑगस्ट २००४ मध्ये तो प्रकाशित झाला. त्यात विली नेल्सन, बी. बी. किंग, ग्लॅडिस नाइट, एल्टन जॉन, नोरा जोन्स इ. बारा सहगायकांसमवेत गायिलेली बारा गीते आहेत.

चर्चमधील गॉस्पेल गायन व ब्लूज यांच्या मिलाफातून १९५०–६० या दशकात सोल संगीत घडविणाऱ्यांत चार्ल्स अग्रेसर होता. या संग्रहात त्याचा आवाज आजाराने क्षीण झालेला असून तार स्वरांतील पूर्वीची झेप उरलेली नाही. परंतु शब्द लयीच्या किंचित मागे रेंगाळत ठेवण्याची त्याची हातोटी अबाधित आहे. १९६७ मध्ये त्याने गायिलेले ‘हिअर वुई गो अगेन’ येथे पुन्हा येते, तेव्हा नोरा जोन्सचा (सतारवादक रविशंकर यांची कन्या) संयत स्वर त्या रेंगाळण्यास अवकाश देतो. किंगसमवेतच्या ब्लूजमध्ये गिटार व पियानो यांचा संवाद रंगतो. याउलट काही गीतांत वाद्यवृंदाचा भरगच्च साज थकलेल्या आवाजाला सावरण्याऐवजी झाकून टाकतो.

२००५ मध्ये या संग्रहास वर्षातील सर्वोत्कृष्ट संग्रहाच्या पुरस्कारासह आठ ग्रॅमी पुरस्कार लाभले. त्या गौरवात गायकाच्या समग्र कारकीर्दीविषयीच्या कृतज्ञतेचा वाटा मोठा होता. संग्रह म्हणून त्याचा दर्जा एकसारखा नाही. मात्र जेथे सहगायक त्या आवाजाचे थकलेपण ओळखून गातो, तेथे तो चार्ल्सच्या पूर्वकालीन गायनाच्या जोडीने ऐकावा असा आहे.