कापलेला समास

युद्धकाळातल्या भित्तिपत्रकांवर लिहिणारे बहुतेक जण चित्रावर लिहितात. रंग, रेषा, शिपायाची नजर. मूळ प्रत ओळखायची तर आधी तळाचा समास पाहावा, हे क्वचितच कुणी सांगते.

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी पत्रकांच्या तळाशी बहुधा सरकारी मुद्रणालयाचे नाव आणि साल बारीक अक्षरांत असते; ब्रिटिश पत्रकांवर छापखान्याचे नाव आणि क्रमांक. आपल्याकडे १८६७ च्या कायद्याने पुस्तकावर मुद्रकाचे नाव सक्तीचे केले, तेव्हापासून छापखान्यांना ती सवयच लागली. आणि नेमकी हीच पट्टी फ्रेमवाला उडवतो.

भुसावळला रद्दीत मला असेच एक मराठी पत्रक मिळाले. शिपाई शाबूत, चारी समास गेलेले. भिंगाखाली आजच्या चाररंगी छपाईचे ठिपके दिसत नाहीत, म्हणजे अलीकडची नक्कल नसावी. पण कुणी छापले, कुठे, केव्हा, हे कात्रीबरोबर गेले.

एका जाणकाराने सुचवले, मागून कापड चिकटवून घ्या, टिकेल. संग्राहकांत ही पद्धत रूढच आहे. मी ऐकले नाही. पाठीवर पेन्सिलीने, मोडीत, कुणाच्या तरी उधारीचा हिशेब आहे : ज्वारी, तूर, घासलेट. १९४२ मध्ये सरकारने लोकांचे मनोधैर्य टिकवायला ‘राष्ट्रीय युद्ध आघाडी’ उभारली. त्याच वर्षी ‘चले जाव’ झाले, आणि कागदाची टंचाई तर होतीच. त्या काळात दुकानदाराला शिपायापेक्षा कोरी बाजू मोलाची वाटली असेल, तर पत्रकाचा खरा परिणाम मला तिथेच वाचता येतो.

याच्या उलट ब्रिटनचे ‘शांत राहा, काम चालू ठेवा’ हे पत्रक. १९३९ मध्ये सुमारे साडेचोवीस लाख प्रती छापल्या, भिंतींवर फारशा लागल्याच नाहीत, पुढे बहुतेकांचा लगदा झाला. २००० मध्ये अ‍ॅल्निकच्या जुन्या रेल्वे स्थानकातल्या पुस्तकांच्या दुकानात, लिलावात घेतलेल्या पेटीत एक प्रत निघाली. आज ते कपांवर आणि टॉवेलांवर आहे. ज्याने युद्धात फारसा कुणाला धीर दिला नाही, ते युद्धकाळाच्या धीराची खूण ठरले! निव्वळ दर्शनी बाजूवर भाळणाऱ्या समीक्षेचे हे फळ.

माझे पत्रक मी पारदर्शक पाकिटात ठेवले आहे, पाठ वर करून. घासलेटापुढचा आकडा खोडून पुन्हा लिहिलेला आहे. तो अजून मला लागलेला नाही.